बिल्ला खिळ्याला, माणूस आत

आयुष्यात मी सगळ्यात उंच गेले ती चिखलदऱ्याला, तेही एसटीनं आणि घाटात दोनदा ओकून. अशा बाईला अमरावतीच्या एका शाळेनं अंतराळवीरांवर बोलायला बोलावलं म्हटल्यावर शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. "अवं माय, तुमी कवा गेल्या होत्या वर?" मी म्हटलं, "वर नाही गेले. पण वर त्यांना जे लागतं, त्याच गोतातल्या किरणांशी मी एकतीस वर्षं संसार केला. नवऱ्याशीही इतका नाही झाला."

मी एक्सरे टेक्निशियन. कागदावर क्ष-किरण तंत्रज्ञ, पेशंटच्या तोंडी फोटूवाली बाई. नोकरी सगळी अकोल्यात एका दवाखान्यात झाली, आणि निवृत्त झाल्यावर मी अमरावतीला लेकाकडं आले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहून काय दिवे लागणार आहेत? शाळेत बोलावणारी शिक्षिका वंदना ही आमच्याच दवाखान्यातल्या देवरावची मुलगी. तिला मी परकरात पाहिलेली. त्यामुळं नाही म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं की नव्हतं, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

आमच्या वऱ्हाडात एक्सरे कुणी म्हणत नाही, फोटू म्हणतात. आणि फोटू म्हटला की माणूस फोटूच्या तयारीनंच येतो. दर्यापूरकडच्या एक आजी गुडघ्याच्या एक्सरेसाठी नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून आल्या होत्या. टेबलावर निजवलं तर विचारतात, "पदर नीट दिसून राहिला का वं बाई?" फिल्म उजेडाला धरून दाखवली तर आधी बघतच राहिल्या आणि मग अशा भडकल्या! "हे मी नाही. कोनाचं मढं दाखवून राहिली मले?"

बाळापूरचे एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी यायचे. छातीचा फोटो काढला की त्यांना आराम पडायचा. "मांगच्या फोटूनं लय बरं वाटलं, अजून एक मारा," म्हणायचे. किती समजावलं की बाबा, हे औषध नाही, ही किरणं अंगात शिरतात आणि अंग ते विसरत नाही. ऐकतील तर शपथ. शेवटी देवरावनं युक्ती काढली. त्यांना मशीनपुढं उभं केलं, श्वास रोखायला लावला आणि तोंडानंच "खट्" असा आवाज काढला. गृहस्थ छाती फुगवून खुशीत घरी गेले. पुढं वर्षभर देवरावनं त्यांचे फोटो तोंडानंच काढले, आणि दर वेळी त्यांना आराम पडला.

असा हा देवराव. आमचा डार्करूमचा माणूस, नेमणुकीच्या कागदावर नुसतं 'सहायक'. त्या काळी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे, टांगावी लागे, वाळवावी लागे. त्यामुळं त्याच्या बोटांना कायम औषधाचा आंबूस वास. उंच, काटकुळा, वर्षातून एकदा मोझरीच्या आश्रमात जाऊन येणारा आणि सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. अख्ख्या दवाखान्यात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, न खाणारा पुरुष तो एकटाच, म्हणून सगळे त्याची टिंगल करायचे. पण त्याचं खरं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याचं खरं काम म्हणजे पोरं धरणं.

एक्सरे काढताना माणूस हलला की फोटो बिघडतो. मोठ्यांना श्वास रोखा म्हणता येतं, दोन वर्षांच्या पोराला काय म्हणणार? कुणीतरी त्याला मशीनखाली घट्ट धरावं लागतं, आणि जो धरतो त्याच्या अंगावरही किरणं सांडतात. नियम असा आहे की नातेवाइकानं धरावं, शिशाचा एप्रन घालून. दवाखान्याच्या माणसानं रोज उठून धरू नये. नियम सोन्यासारखा आहे. पण आई पोटुशी असायची, बापाला मशीन पाहूनच भोवळ यायची. धड एप्रन एकच होता आणि तो साहेबांच्या, म्हणजे आमच्या हाडांच्या डॉक्टरांच्या, अंगावर असायचा. दुसरा एप्रन कुणीतरी रोज घडी करून खुर्चीवर टाकायचं. शिसं घडीवर तडकतं. बाहेरून कापड शाबूत दिसतं आणि आत भेगाच भेगा.

एकदा एका पोरानं आईचं जोडवं गिळलं. आई आठ महिन्यांची गरोदर, बाप भिंतीला टेकून खाली बसलेला, आणि पोरगं असं किंचाळतंय की बाहेरची रांग आत डोकावायला लागली. देवराव म्हणाला, "आना इकडं. म्या धरतो." त्यानं पोराचे हात-पाय धरले, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि हळू आवाजात भजन म्हणायला लागला. पोरगं गप्प होऊन त्याच्या ओठांकडं बघत राहिलं. तेवढ्यात मी शिशाच्या काचेमागून बटण दाबलं. जोडवं पोटात लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी ते आपसूक बाहेर पडलं आणि ती बाई ते धुऊन, पुन्हा पायात घालून घरी गेली.

माझ्या हातचा फोटो सहसा पुन्हा काढावा लागत नसे. साहेब बाहेरच्या डॉक्टरांना माझ्या फिल्म दाखवायचे. याचा मला अजूनही तोरा आहे, खोटं कशाला बोलू? पण तो तोरा कुणाच्या जिवावर होता, हे तेव्हा मनात आलं नाही. मी काचेमागं असायची आणि देवराव मशीनखाली.

आता बिल्ल्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. ही किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका नाही. मग ती कुणाला किती लागली हे कळायचं कसं? म्हणून असल्या कामातल्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो. काडेपेटीएवढा, प्लास्टिकचा, आत छोट्या चकत्या. जितकी किरणं लागतील तितकी त्या चकत्या धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बिल्ले मुंबईला प्रयोगशाळेत जातात. तिथं चकत्या तापवल्या की धरून ठेवलेलं सारं उजेड होऊन बाहेर पडतं आणि त्यावरून आकडा निघतो. माणूस खोटं बोलेल, चकती बोलत नाही. फक्त ती माणसाच्या अंगावर असावी लागते.

पुढं आमच्याकडं सी-आर्म आला. मोडलेलं हाड बसवताना ते आतून पडद्यावर चालतं-बोलतं दाखवणारं मशीन. पायाखाली पेडल असतं, ते दाबलेलं असेतोवर किरणं चालू. आमच्या साहेबांचा हात हाडं बसवायला देवासारखा, पण एकदा पाय पेडलवर गेला की उचलायचं नाव नाही. आणि पेशंटचा पाय ताणून धरायला कोण? देवराव. त्या तिमाहीत त्याच्या बिल्ल्याचा आकडा मर्यादेच्या वर आला. मुंबईहून पत्र आलं, खुलासा करा आणि या कर्मचाऱ्याला तूर्त किरणांच्या कामापासून दूर ठेवा.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लिहा," म्हणाले, "बिल्ला अनवधानाने यंत्राच्या खोलीत राहून गेला होता. सदर कर्मचारी त्या वेळी खोलीबाहेर होता." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळं असली पत्रं लिहायला मलाच बसवायचे.

देवरावला ते वाचून दाखवलं. तो घाबरला होता, पण किरणांना नाही. "बाई, बिल्ला पुन्हा भरला त मले गेटवर बसवतीन. वाचमन करतीन. पोट्टी सांगते शाळेत, माहे बाबा फोटू काढतेत म्हनून. तिच्या मास्तराईले म्या गेटवर दिसू का?" दुसऱ्या दिवशी सी-आर्मला जाताना त्यानं बिल्ला छातीवरून काढला आणि व्हरांड्यात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. मी पाहिलं आणि ब्र काढला नाही.

पहिल्यांदा त्यानं टांगला, हे खरं. पण पुढच्या तिमाहीला नवे बिल्ले आले, ते वाटायचं काम माझं. मी बाकी सगळ्यांच्या हातात दिले आणि देवरावचा स्वतः नेऊन खिळ्याला अडकवला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा. अशी बारा वर्षं. पत्रात आम्ही लिहिलं होतं की बिल्ला आत होता आणि माणूस बाहेर. त्या दिवसापासून बिल्ला बाहेर राहिला आणि माणूस आत.

कचेरीच्या मराठीत 'काही नाही' असं कधी लिहीत नाहीत. निरंक लिहितात. किती सोवळा शब्द आहे बघा! तक्रारी निरंक. अपघात निरंक. मुंबईहून आकडे आले की रजिस्टरात देवरावच्या रकान्यात मी दर तिमाहीला माझ्या चांगल्या अक्षरात लिहीत गेले, निरंक. खिळ्याला कुठली किरणं लागणार? एका पंधरा ऑगस्टला किरणांपासून सुरक्षितता पाळल्याबद्दल आमच्या विभागाचा सत्कारसुद्धा झाला. शाल-नारळ मला. देवराव पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. तो नारळ आम्ही डार्करूमच्या उंबऱ्यावर फोडून दोघांनी खाल्ला. गोड होता.

तर असा अनुभव गाठीशी असलेली बाई अंतराळावर बोलायला उभी राहिली. मी आठ दिवस लेकाच्या मोबाइलवर वाचून तयारी केली होती. सातवी-आठवीची पोरं सतरंजीवर बसलेली. आपला माणूस अंतराळस्थानकावर जाऊन आला होता, त्यामुळं पोरांच्या अंगात नुसतं वारं शिरलेलं.

मी सांगितलं, "पृथ्वीनं आपल्याला दोन एप्रन घातलेत. एक हवेचा, एक चुंबकाचा. आपण जन्मल्यापासून ते अंगावर आहेत म्हणून त्यांची आठवण राहत नाही. अंतराळवीर हवेचा एप्रन काढून ठेवूनच वर जातो. स्थानकावर चुंबकाचा थोडाफार पुरतो. चंद्राकडं, मंगळाकडं निघालं की तोही सुटतो." वर दोन जातीची किरणं. सूर्य भडकला की येतात ती एक, आणि कुठल्या कुठं फुटलेल्या ताऱ्यांकडून बारमाही येतात ती दुसरी. त्या दुसऱ्यांतले काही कण असे जड आणि वेगाचे की यानाच्या भिंतीतून, माणसातून सरळ पार. अंतराळवीर डोळे मिटून पडला तरी मधूनच त्याला उजेडाची ठिणगी दिसते. स्वप्न नसतं ते. एखादा कण डोळ्यातून गेलेला असतो.

पोरं आ वासून ऐकत होती. एका पोरानं विचारलं, "मंग शिशाचा एप्रन काहून नाही नेत?" मला कौतुक वाटलं त्याचं. म्हटलं, "बाळा, असल्या कणापुढं शिसं उलटतं. कण शिशावर आपटतो आणि आणखी चार कण उडवतो. तिथं पाणी बरं, प्लास्टिक बरं. सूर्य भडकला की ते लोक पाण्याच्या नि सामानाच्या पिशव्यांच्या आडोशाला जाऊन बसतात." सहा महिने वर राहिलं की इथं कित्येक वर्षांत लागणार नाहीत इतकी किरणं अंगाला लागतात. पुढं मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, कॅन्सरचा धोका वाढतो. हृदयाचं, मेंदूचं काय होतं ते अजून तपासतायत. "पण त्यांच्यासोबत किरणं मोजणारं यंत्र असतं," मी सांगितलं, "आमच्या बिल्ल्यासारखंच. जन्मात किती सोसायचं याची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की माणूस कितीही शूर असो, त्याला पुन्हा वर पाठवत नाहीत."

बिल्ल्याचं एक रिकामं कव्हर माझ्याकडं राहून गेलं होतं, ते मी दाखवायला नेलं होतं. ते पोरांच्या हातातून फिरत फिरत हिरव्या रिबिनीच्या एका मुलीकडं आलं. तिनं ते आपल्या छातीवर धरून पाहिलं, मग हातात उलटसुलट केलं आणि उभी राहिली. "म्याडम, हा बिल्ला काढून ठेवला त काय होते?"

सगळी पोरं खो खो हसली. वंदना म्हणाली, "बस खाली, काहीही विचारते." पण मुलगी बसली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणाले, "तसं कुणी करत नाही." टाळ्या झाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मला शाल दिली. शालींचं आणि माझं काय नातं आहे कोण जाणे!

नंतर वंदना मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली. देवरावला रक्ताचा कॅन्सर झालाय हे मला ठाऊक होतं. फोनवर दोनदा बोलले होते, भेटायला गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ. वंदनानं पर्समधून एक कागद काढला. "मावशी, डॉक्टरांनी विचारलं, कामावर किरणांचा संबंध होता का? मी दवाखान्यातून बाबांच्या नोंदींची झेरॉक्स आणली. बघा, सगळीकडं निरंक. डॉक्टरांनी पाहिलं आणि बाजूला ठेवलं. पण बाबांनी एकच धरून ठेवलंय, मले लय किरणं लागले, मले लय किरणं लागले. मी रागावले शेवटी. म्हटलं, बाबा, ज्या दवाखान्यानं आपल्याला जगवलं त्याला आता नावं ठेवू नका. कागद खोटं बोलत नाही."

मी कागदाकडं पाहिलं. अक्षर माझंच. वळणदार, शाईचा एक ठिपका इकडचा तिकडं नाही.

"तुम्हीच समजवा त्यांना," वंदना म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

इथं एक सांगून ठेवते, म्हणजे उगाच कुणी माझ्या नावानं भलतं पसरवायला नको. अमक्याचा कॅन्सर किरणांमुळंच झाला, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. अंतराळवीरांचंही तेच. किरणांनी धोका वाढतो, एवढंच म्हणता येतं. पण आकडा असला तर माणसाला निदान विचारता येतं की माझ्या बाबतीत काय झालं? देवरावनं विचारायलाच नको, अशी व्यवस्था मी बारा वर्षं करून ठेवली होती.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं अकोल्याला गेलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी खिडकीतून कपाशी बघत बसले. वंदना शेजारीच होती. दोन तास होते माझ्याकडं.

देवराव खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून हसला. "या बाई. फोटू काढाले आल्या का? आता मशीन कायले पाह्यजे, असेच हाडं दिसून राहिले." वंदना म्हणाली, "बाबा, मावशी काय सांगतात ते नीट ऐकून घ्या," आणि चहा टाकायला आत गेली.

तो हळू आवाजात म्हणाला, "काय सांगाले आल्या?"

मी खाटेच्या कडेला बसले. त्यानंच विषय काढला. "शाळेत लय चांगलं बोलल्या म्हने तुमी. बाई, ते वर जातेत, त्या मानसाईले बी बिल्ला असते का?"

"असतो."

"घालतेत का खरंच?"

"घालतात."

"मंग बरं हाय त्याईचं," देवराव म्हणाला. थोडा वेळ दम खाल्ला. "तुमी भेऊ नका बाई. म्या खिळ्याचं काई सांगतलं नाही पोरीले. तुमचं नाव खराब होईन. सत्कार झाला हाय तुमचा. आन पह्यला त म्याच टांगला होता नं." मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "एवढंच वाटते, पोट्टी मले खोटा समजून राहिली. जन्मात खर्रा खाल्ला नाही, कोनाशी खोटं बोललो नाही. आन आता मरता मरता खोटा."

वंदना कप घेऊन आली. "काय बाबा, पटलं का?"

देवराव म्हणाला, "हो, पटलं. बाई म्हनतेत त निरंकच असन."

आणि मी चहा प्याले. चहात आलं होतं, गवती चहाची पात होती, साखर थोडी जास्त झाली होती. सगळं आठवतं मला. फक्त तोंड उघडलं नाही. त्या माणसानं मशीनखाली हजारदा माझ्या वाटची किरणं घेतली, आणि आता माझ्या वाटचं खोटंही त्यानंच घेतलं. मी पुन्हा काचेमागं.

घरी आल्यावर रोज ठरवायची, आज वंदनाला फोन करते. एक दिवस तिची परीक्षा, एक दिवस माझा गुडघा, एक दिवस लेकाकडं पाहुणे. नाटकं मेली! एकोणीस दिवसांनी तिचाच फोन आला. बाबा गेले.

तेरवीला गेले. जेवणं झाल्यावर बायका पांगल्या, तेव्हा मी वंदनाला मागच्या दारी नेलं आणि सगळं सांगितलं. पत्र, खिळा, कॅलेंडर, बारा वर्षं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शाळेत बोलते तसंच बोलली, सावकाश. "मी त्यांना म्हटलं होतं, कागद खोटं बोलत नाही. तेव्हा ते हसले होते. मला वाटलं, पटलं म्हणून हसले." मग तिचा आवाज फाटला आणि शाळेचं मराठी गळून पडलं. "त्या दिवशी चहा पिऊन राहिल्या होत्या तवा काहून नाही सांगतलं? दोन घंटे माह्याजवळ बसून होत्या एसटीत! मले आता सांगून काय उपयोग? मी कोनाची माफी मागू आता?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं सोडवून घेतला. "जिथं निरंक लिहिलं, तिथं जाऊन खोडा," म्हणाली आणि आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

मी गेले हो खोडायला. दवाखान्याच्या कचेरीत आता सगळी नवी माणसं. टेबलावरचा तरुण कारकून सभ्य होता, मला खुर्ची दिली. "म्याडम, जुन्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. अर्ज द्या." अर्ज दिला. मी स्वतः चुकीच्या नोंदी केल्या, असं स्वच्छ लिहून खाली सही केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर कर्मचाऱ्याबाबत या कार्यालयाकडे उपलब्ध अतिरिक्त माहिती, निरंक. मी ते पत्र हातात घेऊन इतकी हसले की सून धावत बाहेर आली.

या अंकाच्या संपादकांनी मला हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं. लुगडंवाल्या आजी, तोंडानं काढलेले फोटो, असं. ते वर दिलंय, तेवढं वाचून कुणाला थांबायचं असेल तर थांबावं. पण रजिस्टरात जागा मिळाली नाही म्हणून मी इथं खोडते आहे. देवराव, डार्करूम सहायक, याच्या नावापुढं बारा वर्षं जे निरंक लिहिलं आहे, ते खोटं आहे. त्याला किती किरणं लागली ते आता कुणालाच कळणार नाही. पण लागली. मी काचेतून पाहत होते. तो खरं बोलत होता, वंदना. खोटं अक्षर माझं होतं.

आणि हे कुणी एक्सरेच्या खोलीत काम करणारं वाचत असेल, तर आधी उठा आणि तुमच्या व्हरांड्यातला खिळा बघून या. तोवर मी इथंच बसून वाट बघते असं समजा.

राहता राहिली हिरव्या रिबिनीची ती मुलगी. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. बाळा, तू उभी राहून विचारलं होतंस आणि मी टाळ्या घेऊन घरी आले. बिल्ला काढून ठेवला तर काय होतं? काही होत नाही गं. बिल्ल्याला काहीच होत नाही.